काय सांगतली मी? सांगा बरं

आमच्या नगरसेविका बाईंचं बोलणं संपलं की उजव्या हाताचं बोट समोरच्या माणसाकडे वळायचं. मग मान जराशी तिरपी करून त्या म्हणायच्या, "काय सांगतली मी? सांगा बरं."

आमच्या गल्लीत ते बोट माझ्याकडे वळायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं उभी करून त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले. आणि म्हातारपणी माझ्यावर अशी वेळ आली की सकाळी साडेसहाला अंगात बनियन, हातात दात घासायचा ब्रश, अशा थाटात गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणावं लागायचं, "आज नळ सात ते पावणेआठ. कचऱ्याची गाडी उद्या येणार नाही. नालीवरची फरशी फुटली आहे, म्हाताऱ्यांनी जपून चालावं." शेवटलं वाक्य त्या माझ्याकडून मुद्दाम दोनदा म्हणून घेत, असा माझा संशय आहे.

सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. बायकोला म्हणायचो, ही बाई मला बालवाडीत बसवते आहे. बायको म्हणायची, बसा की मग, नाही तरी घरात काय करता.

आणि बालवाडी हा शब्द तसा चुकीचाही नव्हता. बाई नगरसेविका व्हायच्या आधी पंधरा-वीस वर्षं अंगणवाडीत होत्या. आमच्या वॉर्डातली निम्मी तरुण पोरं त्यांच्याच हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. नवरा कोळसा खाणीत होता, तो लवकर गेला. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पुढाऱ्यांना वाटलं, साधी बाई आहे, चहा पिईल, सही करेल, घरी जाईल. म्हणून त्यांना उभं केलं. बाईंनी नोकरी सोडली, निवडून आल्या, आणि पहिल्याच सभेत चहा पिऊन झाल्यावर सही करायच्या आधी म्हणाल्या, हा कागद मले वाचून दाखवा. वाचून दाखवला. मग म्हणाल्या, आता समजावून सांगा. ती सभा जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच होती, असं तिथल्या शिपायाने मला सांगितलं.

त्यांच्या हातात एक पितळी घंटा असायची. पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या माहेरच्या बैलाच्या गळ्यातली. बैल कधीच गेला होता, पण घंटेचा आवाज शाबूत होता. वॉर्डात पाच गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून बाई घंटा वाजवायच्या, बातमी सांगायच्या, एकाकडून म्हणून घ्यायच्या आणि पुढे जायच्या. पोरं चेष्टेने म्हणायची, बैल आला. बाईंनाही ते माहीत होतं. एकदा मलाच म्हणाल्या की बैल म्हणतात ते बरं आहे, बैल निदान कामाचा असतो.

मधल्या काळात पोरांनी वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून दिला. म्हणाले, बाई, आता फिरायची गरज नाही, इथेच टाका, सगळ्यांना एका दमात कळेल. बाईंनी महिनाभर टाकून पाहिलं. मग फोन कमरेला खोचला आणि पुन्हा घंटा घेऊन निघाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "निळी खून दिसली म्हंजे पाह्यलं, गुरुजी. समजलं थोडीच."

नगरपरिषदेतल्या अभियंत्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्याने सांगितलं की सोमवारी पाइप बदलतो. बाईंचं बोट वळलं. साहेबांना चारचौघांत म्हणावं लागलं, "सोमवारी." बाईंनी विचारलं, कोणत्या सोमवारी? त्या बिचाऱ्याने आठवडा, महिना सगळं सांगितलं आणि पाइप खरंच त्या सोमवारी बदलला गेला. आमच्या गावात ही गोष्ट अजून सांगतात.

आमचं गाव जंगलाच्या कडेला. उन्हाळ्यात कोणतं ना कोणतं जनावर वस्तीपर्यंत येतंच. एकदा स्मशानाच्या बाजूला काहीतरी दिसलं. दहा वाजेपर्यंत त्याचा वाघ झाला, दुपारपर्यंत वाघाला दोन पिल्लं झाली, आणि पानठेल्यावरच्या एका गृहस्थांनी तर त्याची लांबीही सांगितली. बाई स्वतः जाऊन वनरक्षकाबरोबर पंजे पाहून आल्या. घंटा वाजवली. म्हणाल्या, वाघ नाही, अस्वल आहे, एकच आहे, मोहाच्या फुलांच्या वासाने आलं आहे, दोन दिवस तिकडे कोणी जाऊ नका. मग त्या पानठेल्यावर गेल्या आणि त्या गृहस्थांकडे बोट वळवलं. त्यांना सगळ्यांसमोर म्हणावं लागलं, "मी पाह्यलं नाई. मी ऐकलं." त्यानंतर बरेच दिवस ते कोणत्याही बातमीआधी हे वाक्य म्हणत. सवयच लागली त्यांना.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे. ती सांगायची म्हणजे आधी टोकाच्या गल्लीबद्दल सांगायला हवं.

टोकाची गल्ली म्हणजे जंगलाला लागून असलेली गोंड कुटुंबांची आठ-दहा घरं. मोठं मोहाचं झाड, त्याखाली त्यांच्या देवाचं ठाणं, आणि पलीकडे लगेच रान. चैत्रात मोह गळायला लागला की ही गल्ली पहाटेच रिकामी होते. बाया, माणसं, पोरं सगळी टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात, ती ऊन चढल्यावरच परततात. मग अंगणात फुलं वाळत टाकतात आणि सावलीला बसतात. म्हणून मोहाच्या दिवसांत बाई चार गल्ल्या सकाळी करायच्या आणि टोकाची गल्ली भर दुपारी, बारा-एकला. आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांनाच कळेल ते काय काम होतं. बाई डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन जायच्या. सगळी घरी असतात ती हीच वेळ, एवढंच त्यांचं म्हणणं.

असाच एक चैत्र. टोकाच्या गल्लीकडे जाणारी पाण्याची लाइन नालीजवळ फुटली. पाणी दिसायला स्वच्छ, पण त्यात नालीचं मिसळत होतं. बाईंना पहाटे कळलं. टँकर मिळवायचा तर नगरपरिषदेत जाऊन बसल्याशिवाय मिळत नाही, तिथून उठलं की तो दुसऱ्या वॉर्डात जातो. म्हणून त्या मला म्हणाल्या की गुरुजी, टोकाच्या गल्लीचं आज तुम्ही पाहा. चार वाजता नळ येईल, ते पाणी पिऊ नका, सहाला टँकर येईल, त्याचंच प्या. एवढंच सांगायचं होतं. मी ते म्हणून दाखवलं. जाता जाता त्या परत वळल्या.

"दुपारी जा, गुरुजी. अन् म्हनून घ्या."

मी हो म्हणालो.

आणि मी आठ वाजताच गेलो. आता कारण सांगतो, ते लपवण्यात अर्थ नाही. दुपारी ऊन फार असतं आणि जेवणानंतर मला झोप लागते. दुसरं काही नाही. आठ वाजता गल्लीत एकच माणूस होता, रंजना नावाच्या सुनेचा आजेसासरा, म्हातारा, अंगणात चटईवर कालची फुलं पसरत बसलेला. त्याने हात जोडून जोहार केला. मी सगळं नीट, शुद्ध मराठीत सांगितलं. त्याने मान डोलावली. मी म्हटलं, सगळ्यांना सांगा बरं का. त्याने पुन्हा मान डोलावली.

म्हातारा माणूस, त्याच्याकडून काय म्हणून घ्यायचं, असं मला वाटलं. बरं दिसत नाही, असं वाटलं. त्या गल्लीतल्या किती तरी पोरांना मी शिकवलं होतं, आणि गुरुजी बोलले की मान डोलवायची हे मीच त्यांना शिकवलं होतं. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं, हे मला पुढे कळलं. मी मोह कसा पडतो आहे ते विचारायला आलो, असं त्याला वाटलं होतं.

चार वाजता नळ आला. बायांनी गुंड, कळश्या, जे होतं ते भरून घेतलं. सहाला टँकर आला तेव्हा सगळ्यांचं पाणी भरून झालेलं होतं, तरी दोघी-तिघींनी घेतलं. दोन दिवसांनी गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीचे सावरले. रंजनाला सातवा महिना होता, ती सावरेना. तिला चंद्रपूरला दवाखान्यात हलवलं. ती वाचते की नाही आणि पोटातलं राहतं की नाही, हे आठ दिवस कोणी खात्रीने सांगत नव्हतं.

त्या आठ दिवसांत बाई सकाळची फेरी करून पहिली बस पकडायच्या आणि दवाखान्यात रंजनाच्या उशाशी जाऊन बसायच्या. मी एकदाही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकाच्या गल्लीतली माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. बाईंना बोलावलं होतं. मीही गेलो, मागे उभा राहिलो. रंजनाचा नवरा बांधकामावर जाणारा, शांत पोरगा. माझाच विद्यार्थी. तो आवाज न चढवता म्हणाला, "बाई, तुमी साऱ्या वॉर्डाले सांगता. आमालेच काऊन नाई सांगतलं?"

बाई उभ्या होत्या. हातात घंटा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी आली नाई," त्या म्हणाल्या. "मले याले पाह्यजे होतं. माह्यी चूक हाय."

मी चार पावलं मागे होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. त्यांनी पाहिलं नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं होतं. माणूस इतका हलका होऊ शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं.

रंजना वाचली. दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. सगळ्या वॉर्डाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण बाईंचं ते वाक्य मात्र मागे राहिलं. काही महिन्यांनी निवडणूक आली, तेव्हा विरोधातल्या माणसांना वेगळा मुद्दा शोधावा लागला नाही. बाई गल्ली पाहून सांगतात, आदिवासींच्या गल्लीत जात नाहीत, एवढं त्यांनी घरोघर सांगितलं. पाच वर्षं जी बाई भर उन्हात ओला दुपट्टा घेऊन त्या गल्लीत जात होती, तिच्याबद्दल हे बोललं जात होतं. बाईंनी प्रचारात एकदाही उत्तर दिलं नाही. बाई पडल्या. टोकाच्या गल्लीने त्यांना मत दिलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला घंटा वाजली. मी ब्रश हातात घेऊन बाहेर आलो तर बाई उभ्या. आज नळ सात ते पावणेआठ, म्हणाल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, बाई, आता तुम्ही कशाला, आता तो निवडून आलेला नवा पोरगा आहे ना. बाई म्हणाल्या, "माह्यी खुर्ची गेली. नळ तर येतेच ना?" आणि बोट माझ्याकडे वळवलं. मी म्हणून दाखवलं, पण त्यांच्याकडे न बघता.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून सुपात लाखोरीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. दुपारी जायचं होतं ते सकाळी गेलो, म्हाताऱ्याकडून म्हणून घेतलं नाही, आणि झाडाखाली गप्प उभा राहिलो. बाई डाळ निवडतच होत्या.

"मले सांगून का फायदा, गुरुजी?" त्या शेवटी म्हणाल्या. "मले तर माहीतच हाय."

मी विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? त्या म्हणाल्या की मी तुम्हाला धाडलं होतं, म्हणजे सांगायचं काम माझंच राहिलं. आणि त्या पोराच्या बायकोचा जीव दवाखान्यात टांगलेला असताना कोण आलं नि कोण नाही याचा हिशोब काय करत बसायचं? मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ज्यायले सांगाचं त्यायले सांगा. जमल तवा. पन दुपारी जा."

मला जमलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज साडेसहाला बाई यायच्या, मी पाण्याच्या वेळा म्हणून दाखवायचो, आणि त्या एका शब्दानेही त्या गोष्टीची आठवण करून द्यायच्या नाहीत. त्यांनी टोचून बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण टोचणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

हिवाळ्यात त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. फेरीला दीड तास लागायचा, तिथे तीन तास लागू लागले. चिमूरला मुलगी असते, ती न्यायला आली. जायच्या दिवशी सकाळी बाई पाचही गल्ल्यांत गेल्या. कोणी ओटीवर बसवलं, कोणी चहा दिला. टोकाच्या गल्लीतही गेल्या. तिथे रंजनाच्या मुलीला त्यांनी कडेवर घेतलं, असं मला कोणीतरी सांगितलं. शेवटी आमच्या गल्लीत आल्या. म्हणाल्या, उद्यापासून मी नाही, नळाची वेळ बदलणार आहे, नव्या पोराला विचारत जा. मग बोट माझ्याकडे वळलं. मला काही म्हणता येईना. पहिल्यांदाच त्यांनी मला सोडून दिलं. पिशवीतून घंटा काढून माझ्या हातात ठेवली आणि मुलीचा हात धरून रिक्षात बसल्या.

घंटा वाटते त्यापेक्षा जड आहे. रोज सकाळी मी ती घेऊन चार गल्ल्या करतो. पहिल्या दिवशी पोरं हसली, आता हसत नाहीत. लोकांकडून म्हणून घेतो. आमच्या गल्लीत मी बायकोकडे बोट वळवतो, आणि ती काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण टोकाच्या गल्लीत जाताना मी बाहेरच घंटा वाजवायचो, निरोप सांगायचो आणि झपझप परत यायचो. तिथे कोणाकडून म्हणून घ्यायचं धाडस मला होत नव्हतं.

मग पुन्हा चैत्र आला आणि मोह गळायला लागला. एक दिवस मी जेवलो, पण झोपलो नाही. बायकोचा दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला आणि एक वाजता निघालो. टोकाच्या गल्लीत सगळी होती. अंगणाअंगणात फुलं पसरलेली, त्यांचा गोड उग्र वास, आणि माणसं झाडाच्या सावलीत बसलेली. रंजना मुलीला भात भरवत होती. मी घंटा वाजवली.

नळाची वेळ सांगितली. आणि मग सांगितलं की मागच्या वर्षी पाण्याची लाइन फुटली त्या दिवशी बाईंनी मला इथे धाडलं होतं. दुपारी जा म्हणाल्या होत्या, मी सकाळी येऊन गेलो. सांगितलं ते नीट पोचलं की नाही ते पाहिलं नाही. बाईंची चूक नव्हती. माझी होती. माझं चुकलेलं बाईंना माहीत होतं, तरी त्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि झाडाखाली मी मागे उभा राहून बोललो नाही.

म्हातारा आजेसासरा तिथेच होता. नातवाने त्याच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. म्हाताऱ्याने मला निरखून पाहिलं. मग म्हणाला, "हो, गुरुजी आल्ते. मोहाचं विचारून गेल्ते."

कोणी हसलं नाही, रागावलंही नाही. आणि काय करावं हे न सुचून, सवयीने म्हणा की बाईंच्या सवयीने म्हणा, माझं बोट रंजनाकडे वळलं. मी म्हणालो, काय सांगितलं मी, सांग बरं.

रंजनाने मुलीचं तोंड पदराने पुसलं.

"तुमाले धाडलं होतं," ती म्हणाली. "बाईले माहीत होतं तुमी चुकले म्हनून. तरी बाईनं आपल्यावर घेतलं. अन् दवाखान्यात रोज माह्या उशाशी बसल्या." तिने मुलीला एक घास भरवला. "अन् आमी त्यायले मत नाई देलं."

शेवटली दोन वाक्यं मी सांगितलेली नव्हती. ती तिने तिची म्हटली.

मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तिथेच चिमूरला फोन लावला. बाईंनीच उचलला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. मी म्हणालो, बाई, जाऊन आलो. आज. दुपारी. 

"म्हनून घेतलं का, गुरुजी?"

"घेतलं," मी म्हणालो.

"कोनं म्हनलं?"

"रंजनानं."

पलीकडे बाईंनी नाक ओढलं. मग खुर्ची सरकवून नीट बसल्यासारखा आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, "मंग का म्हनली रंजना? सांगा बरं."

ऊन डोक्यावर होतं आणि दुपट्टा कधीच वाळला होता. मी एका हातात घंटा धरून तिथेच उभा राहिलो आणि रंजना जे म्हणाली ते पहिल्यापासून, एक शब्दही न गाळता, सांगायला लागलो.